सातवा रकाना

इंदापूरहून बारामतीला जाणाऱ्या एस. टी.त मला बसायला जागा मिळाली नाही, एवढीच या सगळ्या प्रकरणाची सुरुवात. त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती, गाल टम्म फुगला होता, आणि अख्ख्या गाडीत एकाही माणसाच्या तोंडून "भाऊसाहेब, बसा" असा शब्द निघाला नाही. तेहेतीस वर्षं कचेरीत काढून अव्वल कारकून म्हणून नुकताच निवृत्त झालेला माणूस मी. माझ्या टेबलासमोर लोक तासन्‌तास उभे राहायचे. आता मीच उभा होतो, तोही एका पायावर, कारण दुसरा पाय ठेवायच्या जागी कुणाची तरी शेळी बसली होती. मला फार मोठा धक्का बसला. तो शेळीला बसला असता तर बरं झालं असतं.

गाडीत बहुतेक सगळी मोगलाईतली माणसं होती. मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख. निजामाचं राज्य जाऊन सहा-सात वर्षं होत आली होती, पण हैदराबाद राज्य असं लांबलचक नाव आमच्याकडं कुणी घेत नसे. करमाळ्याच्या पलीकडं परांडा लागला की मोगलाई सुरू. तिकडं पावसाचा भरवसा नाही आणि आमच्याकडं नीरेचा पाट बारमाही, म्हणून उसाला, गुऱ्हाळावर, मळ्यातली वांगी-टोमॅटो खुडायला ही माणसं आमच्याकडं यायची. येताना पोरंबाळं, गाडगीमडकी आणि शेळ्या घेऊन यायची. यात गैर काय, असं आज मला वाटतं. त्या दिवशी दाढ दुखत होती.

बारामतीत दाढ काढून तोंडात कापसाचा बोळा घेऊन बाहेर पडलो, तर कन्हेरीचे महिपती भेटले. हे बागाईतदार, जुन्या ओळखीचे. मी बोळ्यातून जमेल तेवढं गाऱ्हाणं सांगितलं.

"आवो, गाडीचं काय घिऊन बसलाय?" महिपती म्हणाले. "ह्ये लोक आल्यापास्नं पाटाचं पानीसुदिक पुरंना झालंय. तुमी लिव्हणारं मानूस. एक अर्ज ठोका की सरकारात!"

एक अर्ज. तेहेतीस वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज घेतले, नाकारले, हरवले, सापडवले. स्वतःचा असा एकही केला नव्हता. माझ्या हाताला खाज सुटली.

इंदापुरात परतल्यावर हा विचार मी शेजारीपाजारी बोलून दाखवला, ही माझी दुसरी चूक. शेजारच्यांनी सल्ले दिले. एकट्याचा अर्ज सरकार वाचत नाही, समिती पाहिजे. समिती म्हणजे अध्यक्ष पाहिजे. अध्यक्ष म्हणजे बापूसाहेब. हे आमचे बडे जमीनदार. मागल्या निवडणुकीत अपक्ष उभे राहून सपाटून आपटले होते आणि पुढच्या निवडणुकीत कशावर उभं राहावं ते त्यांना सापडत नव्हतं. मी विषय काढला मात्र, ते आरामखुर्चीतून उठलेच.

"भाऊसाहेब, हाच तो मुद्दा! लोंढे थोपवले पाहिजेत. हा प्रश्न आपण थेट विधानसभेत नेऊ. मुंबई राज्य मुंबई राज्यातल्या माणसांचं!"

मला वास्तविक फक्त बसायला जागा हवी होती.

समितीचं नाव ठरायलाच तीन बैठका लागल्या. शेवटी 'मोगलाई लोंढा प्रतिबंधक समिती, इंदापूर व बारामती' असं भारदस्त नाव पडलं आणि चिटणीस मी झालो. सभासद कोण, तर इथला मूळचा रहिवासी. मूळचा म्हणजे काय, तर इथं जन्मलेला. हे सगळ्यांना पटलं आणि तेवढ्यात कोपऱ्यातून सावळाराम धनगर उठले. पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडी.

"माजा जलम मेंढरामागं, वाटंवर झालाय," ते म्हणाले. "आई सांगायची, पुढली मेंढरं मोगलाईत हुती आन्‌ मागली आपल्यात. सहा म्हैनं मी हितं असतो, सहा म्हैनं तिकडं. मग मी आत का भाईर?"

नियमावलीत याला तरतूद नव्हती. दीड तास खल झाल्यावर असं ठरलं की सावळारामांना अर्धं सभासदत्व द्यावं. त्यांनी बोलावं, मात्र हात वर करू नये. ते "बरं" म्हणाले आणि पुढच्या प्रत्येक बैठकीला येऊन नुसते हसत बसले. त्यांच्या हसण्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही.

अर्ज मी लिहिला. स्वतःची स्तुती स्वतः करू नये, पण तसा अर्ज त्या कचेरीत पूर्वी आला नव्हता. चार मागण्या होत्या. बाहेरून आलेल्या इसमांची मोजदाद व्हावी. त्यांना नोटिसा काढून प्रत्येकाची जातीने चौकशी व्हावी. इथून पुढं दाखल्याशिवाय कुणाला येऊ देऊ नये. चौथी महिपतींची खास मागणी होती: अशा इसमांना ज्या कुणी आणलं असेल त्याचं पाटाचं पाणी बंद करावं. खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या.

मामलेदार तरुण होते, रत्नागिरीकडचे. म्हणजे तेही बाहेरचेच, पण त्यांना सरकारनं आणलेलं असल्यामुळं इलाज नव्हता. त्यांनी अर्ज वाचला आणि शांतपणे विचारलं, "माणसं किती? यादी कुठाय?"

झालं, यादी आली. यादीसाठी नमुना आला, आणि नमुना तयार करणं हा तर माझा हातखंडा. सात रकान्यांचा नमुना आखला. इसमाचं नाव, जन्मगाव, कोणत्या साली आला, कोणत्या वाटेनं आला, कोणी आणला, पुरावा काय. इथं सहा झाले आणि कागदाच्या उजव्या कडेला दोन बोटं जागा उरली. मोकळी जागा मला बघवत नाही. म्हणून सातवा रकाना आखून मी वर लिहिलं, 'परत जाण्याची इच्छा आहे काय?' केवळ शोभेसाठी.

मोजणीचं काम आबाजी मास्तरांकडं दिलं. सेवानिवृत्त शिक्षक, सरळमार्गी, अक्षर मोत्यासारखं. मी त्यांना लेखी सूचना दिल्या: इथं जन्मलेल्यांची नोंद करून कागद वाया घालवू नये, कुठलंही घर वगळू नये, आणि गणकानं स्वतःचा शेरा मारू नये. मास्तर रोज दुपारी जेवून निघत. महिनाभरानं ते गठ्ठा घेऊन आले तेव्हा ऊन लागून काळे पडले होते.

"किती भरले?" मी विचारलं.

"तीनशे सत्तावीस. इंदापुरातल्या चार गल्ल्या आणि कन्हेरी, एवढ्यातच."

मी हबकलोच. चार गल्ल्या आणि एका गावात तीनशे सत्तावीस परके! आणि आपण इतकी वर्षं डोळे मिटून झोपलो होतो! मास्तर काहीतरी बोलू पाहत होते, पण मला बोलण्यापेक्षा बेरीज महत्त्वाची वाटली. बेरीज दोनदा तपासली, बरोबर होती. नावं वाचली नाहीत. कचेरीत मी एवढं एकच शिकलो होतो की कागद वाचायचे नसतात, नीट बांधायचे असतात. लाल फीत बांधून गठ्ठा रवाना केला.

पुढं गाडी अशी सुटली की विचारू नका. बापूसाहेबांनी एका ओळखीच्या आमदारामार्फत विधानसभेत प्रश्न विचारायला लावला. पुण्याच्या एका वर्तमानपत्रात तीन ओळी छापून आल्या: 'इंदापूर-बारामतीत ३२७ परकीय इसम'. बापूसाहेबांनी ते कात्रण काचेत बसवलं. मी बाजारातून जाताना लोक वाट देऊ लागले. एस. टी.त एका कंडक्टरनं मला स्वतःची जागा दिली! आणि मग वरून हुकूम आला की समितीच्या मागणीप्रमाणे सर्व तीनशे सत्तावीस इसमांना नोटिसा काढून जातीने चौकशी व्हावी.

त्या दिवशी सकाळी मी ओट्यावर दाढी करत होतो. कचेरीचा शिपाई कुंडलिक आला. माझ्या हाताखाली पंधरा वर्षं काढलेला माणूस, पण माझ्या नजरेला नजर देईना.

"भाऊसाहेब, वैनींची सही लागंल."

"कशावर?"

त्यानं कागद पुढं केला. त्यावर लिहिलं होतं: 'सौ. कौसल्या भ्रतार रामहरी. जन्मगाव परांडा, मोगलाई. आल्याचे साल १९२३. कोणी आणले: रामहरी.' आणि खाली, अमुक तारखेस कचेरीत हजर राहावे, कसूर करू नये. रामहरी म्हणजे मी.

वस्तरा गालावर तसाच राहिला. माझी बायको परांड्याची आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. बत्तीस वर्षं दर दिवाळीला तिला माहेरी पोचवणारा मीच. पण परांडा मोगलाईत आहे आणि बायको परांड्याची आहे, या दोन गोष्टी मी आजवर एका कागदावर पाहिल्या नव्हत्या.

तसाच, अर्ध्या गालाला साबण घेऊन, मी मास्तरांकडं धावलो.

"मास्तर, तुम्ही बायका मोजल्यात!"

"दुपारी घरात बायकाच असतात," मास्तर म्हणाले. "मी प्रत्येकीला जन्मगाव विचारलं. इथं जन्मलेल्यांची नोंद नको, असं तुमचं म्हणणं. मग उरल्या त्या सगळ्या लेकी दिलेल्या, सुना आणलेल्या. परांड्याच्या, भूमच्या, कळंबच्या."

"अहो, मग गडीमजूर कुठं गेले? त्यांच्यासाठीच तर हे सगळं!"

"ते पावसाआधी गावाकडं गेले. पेरायला."

"आणि हे मला सांगता आलं नाही?"

"गणकानं स्वतःचा शेरा मारू नये," मास्तर शांतपणे म्हणाले. मग जरा घुटमळून म्हणाले, "एक सांगू का? बायका फार खूष झाल्या हो. सरकार माहेर विचारतंय म्हणून. काहींनी तर गावाबरोबर विहिरीचं आणि मैत्रिणींचं नावही सांगितलं. मला जादा कागद जोडावे लागले."

दुपारपर्यंत गावात हाहाकार झाला. महिपती कन्हेरीहून मिळेल ती एस. टी. पकडून आले. त्यांना दोन नोटिसा होत्या, कारण सारजा आणि गोजरबाई या त्यांच्या दोन्ही बायका भूमच्या, सख्ख्या बहिणी. बापूसाहेबांच्या घरी तर खुद्द त्यांच्या मातोश्री प्रयागबाईंना, वय वर्षं ऐंशी, नोटीस लागली होती. समितीची तातडीची बैठक झाली. अर्ज मागं घ्या, असं सगळे एका सुरात ओरडले. मी त्यांना सांगितलं की अर्ज करणं सोपं. मागं घ्यायला दुसरा अर्ज लागतो, त्याला कारणं जोडावी लागतात, आणि विधानसभेत गेलेलं प्रकरण मागं घ्यायला तर तसा नमुनाच नाही.

सावळाराम त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं हसले. धनगरांच्या बायका मेंढरांबरोबर बाहेर होत्या म्हणून त्यांच्याकडं एकही नोटीस नव्हती.

मी घरी आलो. कौसल्या भांडेल, आदळआपट करेल, असा माझा अंदाज होता आणि त्याची तयारीही मी केली होती. पण तिनं माळ्यावरची तिची लोखंडी पेटी खाली काढली, पुसली आणि उघडून बसली. लग्नात परांड्याहून आलेली पेटी. ती अशी उघडलेली मी कधी पाहिली नव्हती. मला भीती वाटली. खरं सांगतो, कलेक्टरच्या तपासणीलाही मी कधी एवढा घाबरलो नव्हतो.

"अगं, नुसता कागद आहे," मी म्हणालो. "उगाच मनावर घेऊ नकोस."

"तुमच्याच अक्षराचे रकाने हायेत," ती म्हणाली. "वळखू येतात."

चौकशीच्या दिवशी कचेरीच्या आवारात जत्रा भरली होती. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या, दशम्या बांधून आणल्या होत्या. वर्षानुवर्षं एकमेकींच्या शेजारी राहणाऱ्या दोघींना त्या दिवशी कळत होतं की त्यांची माहेरं एकाच ओढ्यावरची. नवरे कडेला भिंतीला चिकटून उभे होते.

पहिला पुकारा प्रयागबाईंचा झाला. मामलेदारांनी त्यांना खुर्ची दिली.

"आजी, तुम्ही इकडं का आलात?"

"मी कशापायी यीन? मला आनलं."

"कोणी?"

"ह्येच्या बापानं." त्यांनी काठी बापूसाहेबांच्या दिशेनं रोखली. "वाजंत्री लावून आनलं. तवा न्हाय कुनी म्हनलं लोंढा आला म्हनून. आन्‌ ह्यो मुंबई राज्यातला मानूस मला झाला, त्यो काय माज्या परवानगीबिगर झाला व्हय?"

आवारात असा हशा उठला की बापूसाहेब खांबाआड गेले. मामलेदारांनी मात्र चेहरा सरळ ठेवून माझ्या अर्जातली चौथी मागणी मोठ्यानं वाचली: आणणाऱ्याचं पाटाचं पाणी बंद करावं. खालच्या सह्याही वाचल्या. महिपती मटकन खाली बसले.

"सायेब, दोघींचं मिळून एकदाच बंद करनार का दोनदा?" त्यांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

मग पुकारा झाला, "कौसल्या भ्रतार रामहरी."

ती पुढं झाली. पुरावा काय, म्हणून विचारल्यावर तिनं पदराआडून एक पिवळा पडलेला कागद काढला. वरात निघाली तेव्हा निजामाच्या नाक्यावर अडवून रुखवत तपासलं होतं, त्याची ती पावती होती. पण उर्दूत. मामलेदारांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. कचेरीत कुणालाच वाचता येईना.

"द्या इकडं," कौसल्या म्हणाली, आणि उजवीकडून डावीकडं बोट फिरवत तिनं ती खडखडीत वाचून दाखवली. "पितळी हंडा एक. लोखंडी पेटी एक. घागरी दोन. पाट दोन. गाय, तांबडी, एक."

मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. माझ्या बायकोला उर्दू येतं! तिचे वडील तिकडं पटवारी होते, त्यांच्या मांडीशी बसून शिकली होती म्हणे. बत्तीस वर्षं माझ्या घरात राहून तिनं हे सांगितलं नव्हतं. म्हणजे मी कधी विचारलं नव्हतं.

"यात तुमचं नाव दिसत नाही," मामलेदार म्हणाले.

"न्हाईच. हंड्याचं हाय, गाईचं हाय. माझं न्हाई." ती कागदाची घडी घालत म्हणाली.

मामलेदार खाकरले. शेवटचा रकाना राहिला होता. प्रत्येकीला ते तो विचारत आणि प्रत्येक जणी "काय बाई तरी" म्हणून पदर तोंडाला लावी. "परत जाण्याची इच्छा आहे काय?" त्यांनी विचारलं.

मीही हसायच्या तयारीत होतो. पण कौसल्या हसली नाही. लाजली नाही. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "सायेब, आनताना मला कुनी इचारलं नव्हतं. बत्तीस वर्सांत आजच पयल्यांदा कुनीतरी इच्छा इचारतंय. असं घाईनं कसं सांगू? मला चार दिवसांची मुदत द्या."

मामलेदारांनी कागदावर लिहिलं, 'मुदत दिली.'

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का तो. मी घरी कसा आलो ते मला आठवत नाही. चार दिवस ती नेहमीसारखी भाकऱ्या थापत होती, तुळशीला पाणी घालत होती, आणि पेटी मात्र माळ्यावर न जाता माजघरातच होती. पाचव्या दिवशी तिनं कचेरीत निरोप पाठवला: आणखी चार दिवस. कुंडलिक येऊन 'मुदत वाढवली' असा कागद देऊन गेला. जाताना म्हणाला, "वैनींना कायदा कळतो."

मग गठ्ठा पुण्याला गेला, पुण्याहून मुंबईला गेला. पाणी कुणाचंच बंद झालं नाही. समितीच्या बैठकीला आता सावळाराम तेवढे यायचे. आणि छप्पन सालच्या नोव्हेंबरात सचिवालयातून माझ्या नावे लखोटा आला. पहिल्या तारखेपासून परांडा वगैरे मुलूख मुंबई राज्यातच सामील झाला असल्याने सदर इसम बाहेरील राहिलेले नाहीत, सबब प्रकरण दफ्तरी दाखल. बापूसाहेबांनी त्याच आठवड्यात जाहीर केलं की मोगलाई आपल्यात यावी हे त्यांचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं.

मी नाचतच स्वयंपाकघरात गेलो. "ऐकलंस का? मिटलं! आता तू परकी नाहीस!"

"मी कवा हुते?" ती चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली. "तुमची फाईल मिटली. माझं उत्तर द्यायचं ऱ्हायलंच की."

मी कागद खाली ठेवला. पाट ओढून तिच्यासमोर बसलो. असा मी कधी बसलो नव्हतो, जेवणाचं ताट पुढ्यात असल्याशिवाय. आणि रकान्याबाहेर, तोंडानं, विचारलं, "कौसल्या, तुझी इच्छा काय आहे?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. माझ्याकडं पाहिलं. पदरानं डोळे पुसले. धूर झाला असावा.

"चार दिवसांची मुदत द्या," ती म्हणाली.

मी दिली. तेव्हापासून दर पाचव्या दिवशी, सकाळच्या चहाला, मी विचारतो. ती मुदत मागते. मी देतो.